टक्के खरे, हिशोब कच्चा

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला मोटरसायकल हवी आहे आणि मी नको म्हणते, असं तीन महिने चाललंय. परवा जेवताना त्यानं फोन माझ्यासमोर धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात लिहिलं होतं की रस्त्यावर मरणाऱ्यांत चारचाकीतली माणसं ३० टक्के आणि मोटरच्या दुचाकी-तीनचाकीवरची २१ टक्के. "म्हणजे बाबा रोज कारनं जातात ते जास्त धोक्याचं. त्यांना का नाही अडवत?" मला उत्तर सुचेना. हे म्हणाले, "आकडा तर बरोबर दिसतोय." कुठेतरी चुकतंय हे कळतं, पण बोट ठेवता येत नाही. मी स्वतः रोज पहाटे अंधारात चालायला जाते, म्हणजे मीही रस्त्यावरच. आमच्या तिघांत खरा धोका कोणाला? आणि मुलाला काय सांगू?
– एक आई

उत्तर: ताई, आधी तुमच्या मुलाची बाजू घेतो. त्यानं आकडा बनवलेला नाही आणि ऐकीवही सांगितलेला नाही. २०२३च्या त्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर गेली. त्यात चारचाकीतली ३० टक्के, पादचारी २३, मोटरच्या दुचाकी-तीनचाकीवरची २१, सायकलवाले ६ आणि उभ्यानं चालवायच्या विजेच्या स्कूटरसारख्या छोट्या वाहनांवरची ३ टक्के. उरलेल्यांत बसमधले, ट्रकमधले आणि नीट नोंद न झालेले. तीन महिन्यांच्या भांडणात पोरानं अहवाल उघडून पाहिला, याबद्दल मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. पण गणिताच्या पुढच्या पायरीवर तो घसरला, आणि त्याच्यासोबत तुमचे यजमानही.

हे टक्के मेलेल्या माणसांची वाटणी सांगतात. धोका सांगत नाहीत. रस्त्यावर मरणाऱ्यांत उजव्या हातानं लिहिणारेच बहुसंख्य असणार. म्हणून उद्यापासून डाव्या हातानं लिहायला लागा, असं कोणी म्हणत नाही, कारण जिवंत माणसांतही उजव्या हातानं लिहिणारेच बहुसंख्य असतात. जगात कारमध्ये बसून माणसं जेवढे किलोमीटर कापतात त्याच्या मानानं मोटरसायकलवर फारच थोडे कापतात. तरीही मरणाऱ्यांत मोटरच्या दुचाकी-तीनचाकीवाल्यांचा वाटा कारवाल्यांच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचतो. तुमच्या मुलानं दाखवलेला आकडा त्याच्याच विरुद्ध साक्ष देतोय, फक्त तुमच्यापैकी कोणी त्याला उलटतपासणीत "कितीपैकी?" एवढं विचारलं नाही.

उलट बाजूचं उदाहरण नेदरलँड्सचं. २०२२ साली तिथे २९१ सायकलस्वार रस्त्यावर मरण पावले, कारमधल्या माणसांपेक्षा जास्त. नुसत्या एवढ्यावरून सायकल किती धोक्याची ते ठरतं का? तो देश सायकलवरच फिरतो, शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत. मेलेल्यांत साठीपुढचे पुष्कळ होते. याउलट थायलंडमध्ये मरणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मोटरच्या दुचाकी-तीनचाकीवरचे असतात. दोन्हीकडच्या टक्क्यांतून पहिल्यांदा काय कळतं, तर लोक कशावर बसतात ते. धोका कळायला त्या संख्येला भागावं लागतं. कशानं भागायचं, हा खरा मजेशीर प्रश्न आहे. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक रोनाल्ड हॉवर्ड यांनी धोका मोजायला एक चिमुकलं माप काढलं: मायक्रोमॉर्ट. दहा लाखांत एक इतकी मरणाची शक्यता म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. आता ब्रिटनमधल्या नोंदींवरून काढलेला ढोबळ हिशोब बघा. एवढा एक मायक्रोमॉर्ट खर्च व्हायला कारनं सुमारे ३७० किलोमीटर जावं लागतं. सायकलनं ३० च्या आसपास. पायी २७. आणि मोटरसायकलनं? फक्त १०.

म्हणजे किलोमीटरमागे मोटरसायकलचा धोका कारच्या ३७ पट. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांतही हे गुणोत्तर अलीकडच्या वर्षांत वीस पटींच्या वरच राहिलंय. देश बदलला, रस्ते बदलले की पट खालीवर होते, पण क्रम असाच दिसतो. बस आणि रेल्वे या यादीत कारच्याही कितीतरी खाली बसतात. त्यांच्याबद्दल कोणी घरात भांडत नाही म्हणून त्यांचं नाव निघत नाही.

इथे हुशार मुलगा म्हणेल, "मग पायी चालणं कारच्या चौदा पट धोक्याचं? आईला का नाही अडवत?" हा प्रश्न येणारच, तेव्हा तयार राहा. २७ किलोमीटर चालायला साडेपाच तास लागतात. कारनं ३७० किलोमीटर जायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. किलोमीटरऐवजी तासानं भागलं की चालणारा आणि कारवाला जवळपास एका पातळीला येतात! चालणारा माणूस चारशे किलोमीटर जातच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी तासाचं माप जास्त खरं. सायकलला तेवढ्याच मायक्रोमॉर्टसाठी दोन तास मिळतात. मोटरसायकलवाल्याचे १० किलोमीटर मात्र पंधरा मिनिटांत संपतात. म्हणजे तासाचं माप घेतलं तरी ती कारच्या वीस-बावीस पट राहतेच. कुठल्याही मापानं मोजा, या तुलनेत मोटरसायकल पहिला नंबर सोडत नाही.

आता हे तुमच्या घरात आणू. समजा मुलगा रोज २० किलोमीटर चालवणार, वर्षाचे २५० दिवस. झाले ५,००० किलोमीटर, म्हणजे ५०० मायक्रोमॉर्ट. वर्षाला दोन हजारांत एक. कारनं तेच अंतर गेला तर चौदाच्या आत, म्हणजे सत्तर हजारांहून जास्त माणसांत एक. दोन हजारांत एक हा आकडा ऐकून पोटात गोळा आला तरी त्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी: १,९९९ जण वर्षअखेर घरी जिवंत असतात. मुलाच्या ओळखीतल्या मोटरसायकलवाल्यांपैकी बहुधा कोणालाच काही झालेलं नसेल, आणि तो तेच पुरावा म्हणून दाखवेल. तेव्हा चिडू नका. वीस मित्रांच्या अनुभवात दोन हजारांतला एक दिसत नाही, एवढंच. शिवाय हा हिशोब फक्त मरणाचा आहे. जगात दर वर्षी दोन ते पाच कोटी माणसं रस्त्यावर जखमी होतात, आणि मोडलेला गुडघा मायक्रोमॉर्टमध्ये धरत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. ब्रिटनमध्ये मोटरसायकलवर हेल्मेटची सक्ती १९७३ पासून आहे. म्हणजे ते १० किलोमीटर हेल्मेट घातलेल्यांचे आहेत. "मी हेल्मेट घालेन ना" हे वचन त्या आकड्यात आधीच धरलेलं आहे. हेल्मेट नसेल तर ते १० आणखी आटतात.

हेल्मेटची गोष्टही सांगतो. मे १९३५ मध्ये, पहिल्या महायुद्धात नाव कमावलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून जात होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो उडाला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला पाहायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. हा गडी त्यांच्या हातून गेला, पण मनातून गेला नाही. त्यांनी मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमा तपासायला घेतल्या आणि १९४१ मध्ये हेल्मेटबद्दल निबंध छापला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं कामावरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा निघालं की अपघात झालेल्यांत हेल्मेटमुळे मरणाची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते. मोठा फायदा आहे. पण ३७ पट हा आकडा हेल्मेट धरूनच आहे, त्यामुळे कारची बरोबरी होत नाही, हे लक्षात असू द्या.

मी स्वतः तरुणपणी अकरा वर्षं मोटरसायकल चालवली, त्यामुळे मुलाला ती का हवी हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. एकदाच पडलो. वेग सायकलचा म्हणावा इतका. वळणावर वाळू पसरलेली होती, पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या कुशीवर. ते हेल्मेट अजून ठेवलंय. उजव्या कानाच्या वर तळव्याएवढा भाग खरवडलेला आहे, रंग उडून आतला पांढरट थर दिसतो, बोट फिरवलं की काचकागदासारखं लागतं. ते हातात घेतलं की मला टक्के आठवत नाहीत, फक्त त्या जागी दुसरं काय असतं ते आठवतं.

सरासरी ही सगळ्यांची असते, तुमच्या मुलाची नव्हे, हेही खरं. तो सरासरीच्या कुठल्या बाजूला पडेल? वयानं वाईट बाजूला. ५ ते २९ या वयात रस्ता हेच जगातलं मरणाचं पहिलं कारण आहे, आणि रस्त्यावर मरणाऱ्यांत पुरुष बायकांच्या तिप्पट. बाकीचं मात्र त्याच्या हातात आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाच्या गटानं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागेवर जाऊन तपास केला. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा मित्र-नातेवाइकांकडून शिकलेले होते. अर्ध्याहून जास्त जणांना ती विशिष्ट गाडी चालवायला लागून पाच महिनेही झाले नव्हते, जरी एकूण चालवण्याचा अनुभव वर्षांचा होता. गाडी नवी म्हणजे हातही नवा. आणि दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकांत सुमारे दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या ड्रायव्हरनं वाट अडवलेली होती. बहुतेकांचं म्हणणं एकच: मोटरसायकल दिसलीच नाही.

"मी नीट चालवतो" असं मुलगा म्हणेल आणि खरंही असेल. पण दिसलीच नाही म्हणणाऱ्याला तो काय करणार?

इथून मी तुमच्या यजमानांकडे वळतो, कारण आतापर्यंत ते निवांत बसले आहेत. धोका दोन प्रकारचा असतो: आपल्याला असलेला आणि आपल्यामुळे दुसऱ्याला असलेला. कारमध्ये बसलेला पहिल्या यादीत तळाशी असतो, पण दुसऱ्या यादीत वर. चालणाऱ्यानं धडक दिली म्हणून कारमधला मेला, असं कधी ऐकलंय? कार सुरक्षित आहे ती पत्रा, पट्टा आणि एअरबॅगमुळे, आणि त्याच पत्र्याचं टनभर वजन रस्त्यावरच्या बाकीच्यांना सोसावं लागतं. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे आकडे यजमानांना वाचून दाखवा: कारनं पादचाऱ्याला ताशी ३७ किलोमीटरनं धडक दिली तर तो मरण्याची शक्यता सुमारे १० टक्के. ५१ ला २५ टक्के. ६८ ला निम्मी. ८० ला ७५ टक्के. गाडीचं तोंड उंच असलं तर आणखी वाईट: २०२३ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांचं बॉनेट एक मीटरहून उंच आहे अशा गाड्या धडक दिलेल्या पादचाऱ्याला मारण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला की जिवघेणे अपघात चार टक्क्यांनी वाढतात, असा अंदाज आरोग्य संघटनाही देते. घरातल्या तिघांत सगळ्यात कमी धोक्यात यजमान आहेत आणि सगळ्यात जास्त धोका त्यांच्या उजव्या पायाखाली आहे. पट्टा लावतात ना? पुढे बसणाऱ्याचा मरणाचा धोका त्यानं निम्म्यावर येतो. मागच्या सीटवरही लावायचा, तिथला मोकळा माणूस धडकेत पुढच्याच्या पाठीत आदळतो.

आता मुलाला काय सांगायचं. ३७ पट हा आकडा त्याच्या डोक्यात घालू नका, म्हणजे घाला, पण दगडासारखा फेकून नको. "तू खोटा ठरलास" असं ऐकू आलं की १९ वर्षांचा पोरगा हट्टानं गाडी घेईल. "कितीपैकी?" एवढाच प्रश्न विचारा आणि भागाकार त्यालाच करू द्या. वरचे किलोमीटर त्याला द्या, त्याच्या रोजच्या अंतरानं तो स्वतः गुणेल. स्वतः काढलेल्या उत्तराशी भांडता येत नाही.

मग विचारा, गाडी कशाला हवी. रोज जाण्या-येण्याला हवी असेल तर माझं मत सरळ आहे: नको. धोका किलोमीटरला चिकटलेला आहे आणि रोजचा प्रवास किलोमीटर खातो. बस असेल तर बस. पण कधीमधी मोकळ्या सकाळी चालवायला, त्यातल्या आनंदासाठी हवी असेल, तर ५,००० चे ५०० किलोमीटर होतात आणि ५०० मायक्रोमॉर्टचे ५०. मी त्याला तेवढी देईन. तुम्ही द्याल की नाही हे तुम्ही ठरवा, आई तुम्ही आहात. दिलीत तर प्रशिक्षकाकडून शिकू द्या, चुलतभावाकडून नको. ब्रेक लॉक न होऊ देणारी एबीएस यंत्रणा असलेलीच गाडी घ्या. अमेरिकेतल्या पाहणीत तसल्या गाड्यांचे जिवघेणे अपघात निदान पाचव्या हिश्श्यानं कमी निघाले. शर्यतीच्या गाडीसारखी, वाकून चालवायची सुपरस्पोर्ट तर नकोच. तिच्यावर मरणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्या मोटरसायकलींच्या जवळपास चौपट निघालं होतं, आणि १९ वर्षांच्या पोराच्या फोनवर नेमका तिचाच फोटो असतो. पहिले पाच महिने मागे कोणी बसणार नाही, हे लिहून घ्या. दारूचं सांगायला नको.

राहता राहिल्या तुम्ही. चालणं सोडू नका, त्यानं आयुष्य जेवढं वाढतं त्यापुढे हे मायक्रोमॉर्ट किरकोळ आहेत. पण वेळ बघा. अमेरिकेत पादचाऱ्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश अंधारात होतात. इथेही "कितीपैकी?" विचारून पाहा: अंधारात चालतात थोडेच लोक, तरी मरणाऱ्यांत तेच जास्त. म्हणजे खरा फरक टक्क्यांत दिसतो त्याहून मोठा आहे. अर्धा तास उशिरा निघता आलं, उजाडल्यावर, तर सगळ्यात उत्तम. ते जमणार नसेल आणि फूटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चाला. आणि प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या घ्या, पण छातीवर मिरवायला नाही. घोट्यांना आणि गुडघ्यांना बांधा. छातीवरची पट्टी दुरून खांबावरच्या खुणेसारखी वाटते, पण वरखाली हलणारे पाय दिसले की ड्रायव्हरला लगेच कळतं की हा माणूस आहे.

पट्ट्या आणायचं काम मुलाला सांगा. आणल्या की एका रात्री मोकळ्या जागेत यजमानांना उभ्या कारमध्ये दिवे लावून बसवा, मुलाला शेजारी, आणि तुम्ही लांबून चालत या, एकदा पट्ट्यांशिवाय, एकदा बांधून. किती पावलांवरून दिसलात ते दोघांनी मोजून सांगायचं. मुलाला आकडे आवडतात ना!